वाचकांचे प्रश्न : चंदन आणि रक्तचंदन यांचे नाते काय?

प्रश्न (एक वाचक भगिनी, सोलापूर) : आमच्या देवघरात सहाणेशेजारी चंदनाचे खोड असते आणि आजीच्या काळापासून जपलेली रक्तचंदनाची एक लहान बाहुलीही आहे. मुकामार लागला किंवा सूज आली की ती बाहुली उगाळून लेप लावायची, अशी घरातली रीत होती. आजी सांगत असे की झाड एकच असते. त्याचे बाहेरचे लाकूड पांढरे आणि आतला गाभा लाल. माझा मुलगा म्हणतो, ही दोन वेगळी झाडे असून दोन्ही नामशेष होत आली आहेत. यातले खरे काय मानावे?

उत्तर : आपल्या मुलाच्या विधानाचा पूर्वार्ध बरोबर आहे आणि उत्तरार्धात दुरुस्ती करावी लागेल. तरी आजींचे म्हणणे निराधार होते असे मी म्हणणार नाही. रक्तचंदनाचे खोड आडवे कापले तर कडेचे लाकूड खरोखरच फिकट पांढुरके दिसते आणि मधला गाभा गडद लाल, जुन्या झाडात तर जांभळटपणाकडे झुकणारा असतो. चंदनातही बाहेरचे लाकूड पांढरे व बिनवासाचे आणि गाभा पिवळसर तपकिरी व सुगंधी असतो. म्हणजे ‘बाहेर पांढरे, आत लाल’ हे वर्णन एकट्या रक्तचंदनाचे म्हणून अगदी अचूक आहे. त्यातल्या पांढऱ्या भागाला चंदन समजणे, एवढीच चूक पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत आली.

वर्गीकरणाच्या दृष्टीने पाहिले तर ही दोन झाडे एकमेकांपासून फार दूर आहेत. चंदनाचे शास्त्रीय नाव सँटॅलम आल्बम. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ साली ते प्रसिद्ध केले. त्याचे कुल सँटॅलेसी आणि गण, म्हणजे अनेक कुलांचा मिळून होणारा मोठा गट, सँटॅलेलीझ. आंब्याच्या फांदीवर वाढणारे आणि बागाईतदाराच्या डोळ्यांत सलणारे बांडगूळ याच गणातले आहे, हे कळल्यावर अनेकांना धक्का बसतो. पण चंदनाचा स्वभाव पाहिला की या नात्याचे आश्चर्य उरत नाही. चंदन अर्धपरोपजीवी आहे. त्याची पाने हिरवी असतात आणि स्वतःचे अन्न ती स्वतः तयार करतात; मात्र जमिनीखाली त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना लहान गाठींसारख्या शोषक अवयवांनी चिकटतात आणि तेथून पाणी व क्षार घेतात. बांडगूळ हेच काम फांदीवर बसून उघडपणे करते, चंदन मातीआड करते. शेजारी कोणीच नसेल तर चंदनाचे रोप काही काळ तग धरते, पण खुरटते.

रक्तचंदनाचे शास्त्रीय नाव टेरोकार्पस सँटॅलिनस. हे नाव लिनीअसच्या मुलाने दिले आहे. याचे कुल फॅबेसी, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचे कुल, आणि त्यातही फुलपाखराच्या आकाराची फुले असणाऱ्यांचा गट. तूर, हरभरा, पांगारा, शिसव हे सारे याच गटातले. याच टेरोकार्पस वंशातला महाराष्ट्राला ओळखीचा भाऊ म्हणजे बिबळा, ज्याला विदर्भात बिजा म्हणतात आणि ज्याच्या सालीला घाव घातला की लाल डिंक पाझरतो. अंदमानचा प्रसिद्ध पडाउक हाही त्यांचाच सहोदर. ‘टेरोकार्पस’ या ग्रीक शब्दांचा अर्थ ‘पंख असलेले फळ’ असा आहे, आणि रक्तचंदनाची चपटी, गोल, कडेने कागदासारखा पातळ पंख असलेली शेंग हातात घेतली की नाव का दिले ते निराळे सांगावे लागत नाही.

एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. रोपवाटिकेत चंदनाच्या रोपाला पहिला आधार म्हणून अनेकदा तूर लावतात. ती तूर रक्तचंदनाच्या कुळातली आहे. म्हणजे ज्या दोन झाडांना आपण सख्खी भावंडे समजत आलो, त्यांपैकी एकाचे दुसऱ्याच्या कुळाशी नाते असेलच तर ते पाहुणा आणि यजमान यांचे आहे.

मग नाव एक कसे झाले? आपल्या जुन्या वैद्यकात झाडांची नावे पुष्कळदा उपयोगावरून पडली. सहाणेवर उगाळून अंगाला लावायचे, थंडावा देणारे मानले गेलेले लाकूड ते चंदन. त्याचा रंग पांढरट-पिवळा तर श्वेतचंदन, लाल तर रक्तचंदन. पतंग नावाच्या तिसऱ्याच झाडाच्या लाल लाकडाला कुचंदन म्हटले गेले. तोही शेंगा धरणाऱ्या कुळातलाच. या नावांत फुलांचा, फळांचा किंवा वंशाचा विचार नव्हता आणि तो तेथे असण्याचे कारणही नव्हते. युरोपीय शास्त्रज्ञांनी मात्र वंशाचा विचार करूनही जुन्या नावाची सावली कायम ठेवली, कारण ‘सँटॅलिनस’ या शब्दाचा अर्थच ‘चंदनासारखा’ असा होतो. त्या काळी युरोपच्या बाजारात हे लाकूड लाल चंदन म्हणूनच येत असे आणि कापड, औषधे व खाद्यपदार्थ रंगवण्यासाठी वापरले जात असे.

झाड समोर उभे असेल तर फरक ओळखणे कठीण नाही. चंदन हे लहान ते मध्यम उंचीचे सदाहरित झाड असते. त्याची पाने साधी, टोकदार आणि फांदीवर समोरासमोर असतात. फुले अगदी लहान, उमलताना फिकट आणि नंतर काळपट लाल होणारी, आणि त्यांना चंदनाचा वास मुळीच नसतो. फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर जांभळे-काळे होणारे. रक्तचंदन पानझडी आहे. त्याचे पान संयुक्त असून बहुधा तीन गोलसर पर्णिकांचे असते, फुले पिवळी असतात, आणि जून झाडाची काळपट साल चौकोनी तुकड्यांत अशी भेगाळते की मगरीच्या पाठीची आठवण यावी. लाकडाची परीक्षा तर घरीच करता येते. रक्तचंदनाच्या गाभ्याचे लाकूड पाण्यात बुडते, इतके ते जड असते, आणि त्याला सुगंध जवळजवळ नसतो. त्याचे मोल रंगात आहे. सँटॅलिन नावाच्या रंगद्रव्यामुळे तो लाल दिसतो आणि हे द्रव्य पाण्यापेक्षा मद्यार्कात चांगले विरघळते. चंदनाचे सारे मोल तेलात आहे, आणि त्या तेलाचा बहुतांश भाग सँटॅलॉल या घटकांचा असतो. आपली बाहुली उगाळताना सहाणेवर जर वास दरवळत असेल आणि रंग उतरत नसेल, तर ती रक्तचंदनाची नाही.

आता प्रदेशाकडे येऊ, कारण माझ्या मते दोन्ही झाडांची आजची अवस्था समजण्याची किल्ली येथे आहे. चंदनाचा प्रसार विस्तृत आहे. दक्षिण भारताच्या कोरड्या पानझडी वनांत, मुख्यतः कर्नाटक आणि तामिळनाडूत, ते पूर्वापार आहे. केरळात इडुक्की जिल्ह्यातील मरयूरचे चंदनवन प्रसिद्ध आहे. आंध्रात आणि महाराष्ट्राच्या कोरड्या भागातही ते बांधांवर, कुंपणांत, टेकड्यांच्या उतारांवर तुरळक आढळते. भारताबाहेर तिमोर, सुंबा आणि इंडोनेशियाची आसपासची बेटे, तसेच ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा येथेही ते वाढते. इतके तुटक प्रदेश पाहून काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी असाही प्रश्न विचारला की हे झाड मुळात तिमोरकडचे असून प्राचीन काळी व्यापाऱ्यांबरोबर भारतात आले असेल काय. या वादात शिरण्याचे हे ठिकाण नाही. एवढे नक्की की दक्षिणेच्या जंगलात ते शतकानुशतके आपोआप रुजत आणि वाढत आले आहे, कारण बुलबुल आणि कोकीळ त्याची फळे खातात आणि बिया दूरवर टाकतात.

रक्तचंदनाचे तसे नाही. निसर्गतः हे झाड जगात एकाच ठिकाणी आहे : पूर्व घाटाच्या दक्षिण भागातील शेषाचलम, वेलिकोंडा, पालकोंडा, लंकामला आणि नल्लमला या डोंगरांत. आंध्र प्रदेशातील कडप्पा, चित्तूर, तिरुपती, नेल्लोर, कर्नूल आणि प्रकाशम् या जिल्ह्यांचे भाग आणि लगतचा तामिळनाडूचा थोडा प्रदेश एवढ्यात त्याचे सारे नैसर्गिक जग संपते. तेथील जमीन खडकाळ, क्वार्टझाइट आणि शेल खडकांची, निचऱ्याची, पाऊस बेताचा, आणि त्यातला बराचसा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, उन्हाळा कडक. सुपीक सपाट जमिनीत हे झाड लावले तर वाढते, पण आपण होऊन तेथे पसरत नाही. महाराष्ट्रातून दरवर्षी लाखो भाविक तिरुपतीला जातात. तिरुमलाच्या ज्या सात टेकड्या ते चढतात त्या शेषाचलमच्याच आहेत, आणि घाटरस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या, उन्हाळ्यात निष्पर्ण होणाऱ्या त्या काळपट सालीच्या झाडांत रक्तचंदनही आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पुढच्या वेळी बसच्या खिडकीतून अवश्य पाहावे. हा प्रदेश २०१० साली शेषाचलम जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आहे.

यानंतर आपल्या मुलाच्या उत्तरार्धाचा विचार करता येईल. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, म्हणजे आययूसीएन, जगातील जीवजातींची लाल यादी ठेवतो. तीत धोक्यात आलेल्या जातींच्या तीन पायऱ्या आहेत : असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त. नामशेष ही त्यापुढची गोष्ट आहे. चंदनाला १९९८ सालच्या मूल्यमापनात ‘असुरक्षित’ ठरवण्यात आले आणि त्याचे कारण तोड आणि उपसा हे देण्यात आले. रक्तचंदनाची कथा अधिक वळणांची आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस ते ‘संकटग्रस्त’ मानले गेले, २०१८ मध्ये त्याला ‘संकटसमीप’ या सौम्य वर्गात आणले गेले, आणि काही वर्षांतच, २०२१ च्या मूल्यमापनानंतर, ते पुन्हा ‘संकटग्रस्त’ झाले. थोडक्यात, रक्तचंदन चंदनापेक्षा एक पायरी अधिक धोक्यात आहे. दोन्ही आज हयात आहेत आणि दोघांचीही जंगले उभी आहेत. ‘नामशेष होत आले’ हा शब्दप्रयोग मला म्हणूनच नको वाटतो. त्याने चिंता व्यक्त होते खरी, पण ऐकणाऱ्याला असेही वाटते की आता करण्यासारखे काही उरले नाही.

ही एक पायरी का, याचे उत्तर वर सांगितलेल्या प्रदेशात आहे. चंदन एका राज्यात चोरीला गेले तर दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या देशात काही झाडे उरतात. रक्तचंदनाला दुसरा प्रदेशच नाही. शेषाचलमच्या डोंगरात कुऱ्हाड चालली की ती त्या जातीच्या संपूर्ण नैसर्गिक अस्तित्वावर चालते. त्यातही मागणी फार विशिष्ट आहे. जपानमध्ये शामिसेन या तंतुवाद्याच्या मानेसाठी हे लाकूड श्रेष्ठ समजले जाते, चीनमध्ये दरबारी थाटाच्या फर्निचरसाठी त्याला शतकांची परंपरा आहे, आणि ज्या थोड्या झाडांच्या लाकडात नागमोडी रेषा उमटतात त्यांना सर्वाधिक भाव येतो. म्हणजे चोर सर्वांत उत्तम, सर्वांत जुनी झाडे निवडून नेतात, आणि ज्यांच्यापासून पुढची पिढी व्हायची ती झाडे आधी जातात. या चोरट्या व्यापाराने माणसांचेही बळी घेतले आहेत. ७ एप्रिल २०१५ रोजी शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात २० जण मारले गेले. लाकूडतोडीच्या मजुरीसाठी तामिळनाडूतून आलेली ती गरीब माणसे होती. रक्तचंदनाची गोष्ट सांगताना त्यांना वगळणे मला योग्य वाटत नाही.

चंदनाच्या ऱ्हासाची कारणे थोडी निराळी आहेत. म्हैसूरच्या टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले आणि पुढे हा हक्क सरकारकडे राहिला; खाजगी शेतातले चंदनसुद्धा सरकारचे. जमिनीच्या मालकाच्या पदरात त्यातून फारसे काही पडत नसे, झाड चोरीला गेले तर जाब मात्र त्याला द्यावा लागे. अशा स्थितीत बांधावर उगवलेले रोप शेतकऱ्याने गुपचूप उपटून टाकले तर त्याला दोष कसा द्यावा? संरक्षणासाठी केलेल्या नियमाने झाडाचा शेजारीच त्याचा शत्रू झाला. कर्नाटकने २००१ मध्ये आणि तामिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलून मालकी जमीनधारकाला दिली, तोवर दोनशे वर्षे लोटली होती. दुसरे कारण रोगाचे. १८९९ मध्ये कोडगूत प्रथम नोंदलेला स्पाइक रोग फायटोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो. पाने बारीक होत जातात, फांदीच्या टोकाशी कणसासारखी ताठ दाटतात, झाड फुलणे थांबते आणि काही वर्षांत मरते. तिसरे कारण खुद्द झाडाच्या रचनेतले. चंदनाचे तेल मुळांत सर्वाधिक असते, म्हणून ते नुसते कापत नाहीत, मुळासकट खणून काढतात. राहिलेल्या मुळांतून नवे धुमारे फुटण्याची त्याची क्षमता चांगली आहे, पण मुळेच नेल्यावर फुटणार काय? रक्तचंदनाचा बुंधा निदान जमिनीत राहतो आणि वणवा व चराई यांतून वाचला तर पुन्हा फुटतो.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : चंदनाची रोपे कोणत्याही रोपवाटिकेत मिळतात. ऑस्ट्रेलियात भारतीय चंदनाची हजारो एकर लागवड आहे असे वाचले. मग ते ‘असुरक्षित’ कसे? ही यादी जुनी झाली असे म्हणावे का?

उत्तर : आपले वाचन बरोबर आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, कनुनरा गावाच्या परिसरात, नदीच्या पाण्यावर भारतीय चंदनाची मोठी व्यापारी लागवड झाली आहे. यादी मात्र जुनी झालेली नाही : १९९८ नंतर २०१९ मध्ये चंदनाचे नवे मूल्यमापन प्रसिद्ध झाले आणि त्यातही ते ‘असुरक्षित’च राहिले. लागवड वाढली म्हणून लाल यादीतला वर्ग आपोआप सौम्य होत नाही, आणि होऊही नये.

लाल यादी मोजते ती जंगलातील, आपोआप रुजणाऱ्या झाडांची स्थिती. एखाद्या जातीची संख्या तीन पिढ्यांच्या काळात किती टक्क्यांनी घटली, हा तिचा एक प्रमुख निकष आहे. आजच्या निकषांनुसार, कारण थांबलेले नसताना ही घट ३० टक्क्यांच्या पुढे गेली तर जात असुरक्षित, ५० च्या पुढे संकटग्रस्त आणि ८० च्या पुढे अतिसंकटग्रस्त ठरते. म्हणून एखाद्या जातीची लाखो झाडे आजही उभी असू शकतात आणि तरी ती संकटग्रस्त असू शकते. पूर्वी ती किती होती हे पाहावे लागते. झाडांच्या बाबतीत ‘पिढी’ दीर्घ असते. चंदनाच्या गाभ्यात तेल धरायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि उत्तम लाकूड त्याच्या दुप्पट-तिप्पट वयाला मिळते. त्यामुळे आज तोडलेल्या झाडाची भरपाई मोजायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते.

दुसरा मुद्दा गुणांच्या विविधतेचा. मळ्यातली हजारो रोपे बहुधा थोड्या निवडक मातृवृक्षांच्या बियांपासून झालेली असतात. मरयूरच्या उंचीवरील थंडीत, कर्नाटकच्या खडकाळ माळावर आणि सोलापूरकडच्या कोरड्या बांधावर शेकडो पिढ्या टिकलेल्या झाडांत जे वेगवेगळे गुण साठले आहेत, त्यांतले फार थोडे या मळ्यांत येतात. उद्या स्पाइक रोगाला तोंड देणारे वाण शोधायचे झाले तर ते जंगलातच शोधावे लागेल. बंगळूरच्या काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत चंदनावर दीर्घकाळ संशोधन चालू आहे, आणि अशा संशोधनाचा कच्चा माल म्हणजे जंगलातली ही उरलेली झाडेच आहेत. लागवडीचा लाभ एवढाच की बाजाराची भूक मळ्यांनी भागवली तर जंगलावरचा ताण कमी होण्याची शक्यता असते. ही शक्यता खरी उतरते की नाही हे चोरी थांबण्यावर अवलंबून आहे. आणि पुण्यात राहणाऱ्या आपल्याला हे सांगायला नको की बंगल्यांच्या आवारातली चंदनाची झाडे रात्रीतून कापून नेण्याच्या बातम्या अजूनही येत असतात.

प्रश्न (एक वाचक भगिनी, नाशिक) : माझी लेक परदेशात राहते. तिला रक्तचंदनाची बाहुली आणि चंदनाचे लहान खोड पाठवायचे आहे. हे कायद्याने चालते का?

उत्तर : धोक्यातल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइट्स नावाचा करार आहे. रक्तचंदन १९९५ पासून त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि तेथील बंधन त्याचे ओंडके, चिप्स, भुकटी व अर्क यांना लागू होते. चंदन या कराराच्या कोणत्याही परिशिष्टात नाही. केवळ हा करार पाहिला तर बाहुलीला अडचण नाही असे वाटेल, पण त्यावर विसंबू नये, कारण भारताचे स्वतःचे निर्यात धोरण याहून कडक आहे. विशेष परवानगीखेरीज रक्तचंदनाचे लाकूड देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि चंदनाच्या लाकडावरही निर्बंध आहेत. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला आपली आजीची बाहुली आणि तस्कराचा तुकडा यांत फरक करण्याचे साधन नसते. बाहुली घरीच ठेवावी आणि लेक आली की तिच्या हातात द्यावी, असे मी सुचवेन.

भारतातून होणाऱ्या रक्तचंदनाच्या व्यापाराची या कराराखाली २००४ पासून विशेष छाननी चालू होती आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये भारताला त्यातून वगळण्यात आले. शेतात रक्तचंदन वाढवणाऱ्यांना याचा दिलासा आहे. जंगलातल्या झाडाचे संरक्षण मात्र त्यामुळे सैल झालेले नाही.

प्रश्न (एक वाचक, ठाणे) : आमच्या सोसायटीच्या आवारातील एका झाडावर ‘रक्तचंदन’ अशी पाटी आहे. झाडाखाली चकचकीत लाल बियांचा सडा पडतो. हे झाड खरेच इतके मोलाचे आहे का?

उत्तर : लाल बियांच्या उल्लेखावरून ते झाड रतनगुंज असावे, ज्याला काही ठिकाणी थोरली गुंज म्हणतात. शास्त्रीय नाव अडेनान्थेरा पॅव्होनिना. रक्तचंदनाच्या शेंगा उकलत नाहीत आणि त्यातून लाल बिया कधीच सांडत नाहीत; रतनगुंजेच्या लांबट शेंगा पिळवटून उलगडतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला त्या बिया चिकटलेल्या दिसतात. पानेही निराळी : रतनगुंजेची पाने अनेक बारीक पर्णिकांची, पिसासारखी. दोन्ही झाडे शेंगा धरणाऱ्या एकाच कुलातली, म्हणून पाटी लिहिणाऱ्याची चूक चंदनाला रक्तचंदन म्हणण्यापेक्षा लहान आहे. गोंधळाचे मूळ असे की या झाडाच्या लालसर लाकडामुळे देशाच्या काही भागांत त्यालाही रक्तचंदन म्हणतात. हे झाड धोक्यातले नाही आणि शहरांत सावलीसाठी पुष्कळ लावले जाते. पाटी बदलून घ्यावी, कारण चुकीच्या पाटीने चोर येण्याचीच शक्यता अधिक.

प्रश्न (एक शेतकरी वाचक, जालना) : कोरडवाहू दोन एकरांत चंदन लावावे की रक्तचंदन? एक एजंट दोन्हींतून कोट्यवधींचे उत्पन्न सांगतो.

उत्तर : कोटींचे आकडे सांगणाऱ्या माणसाकडून रोपे घेऊ नयेत. एवढे सांगून झाडांकडे वळतो.

आपल्या भागातील हवामान चंदनाला मानवते, कारण ते त्याच्या नैसर्गिक प्रदेशाच्या कडेवर आहे आणि मराठवाड्यातल्या बांधांवर ते आपोआप उगवलेलेही दिसते. मात्र चंदन एकटे लावून चालणार नाही. प्रथम तूर, पुढे करंज, सुरू किंवा बाभळीसारखे दीर्घायुषी यजमान झाड त्याच्या मुळांच्या टप्प्यात हवे. रक्तचंदन त्याच्या प्रदेशाबाहेर जगते. परंतु गाभ्याचे लाल लाकूड किती वर्षांनी आणि किती भरेल, हे जमीन व पाऊस यांवर फार अवलंबून असते, आणि नागमोडी रेषांचे लाकूड मिळेलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही. दोहोंतून निवडायचेच असेल तर मी चंदन निवडेन, तेही सगळी दोन एकर त्याखाली न घालता बांधावर आणि फळझाडांमध्ये.

कागदपत्रांची तजवीज पहिल्या वर्षीच करावी. चंदन हे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीतले झाड आहे, म्हणजे स्वतःच्या शेतातले असले तरी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. बिबळाही त्याच अनुसूचीत आहे. लागवडीची नोंद तलाठ्याकडून सातबाऱ्यावर करून घ्यावी, रोपांच्या खरेदीच्या पावत्या जपाव्यात. पंधरा-वीस वर्षांनंतर तोडीची परवानगी मागताना झाडे आपण लावलेली आहेत हे सिद्ध करण्याचा तोच आधार असतो. शेतात एखादे जुने चंदन आधीपासून असेल तर त्याच्याखालची बोरी-करवंदीची जाळी साफ करू नये. बुलबुलांनी टाकलेल्या बिया तेथे रुजतात, जाळीच्या मुळांवर त्यांचे पोषण होते, आणि अशी दोन-चार रोपे एजंटाकडच्या शंभर रोपांपेक्षा आपल्या मातीला अधिक सरावलेली असतात.